भोगवटा मिळाला, रस्ता नकाशातच राहिला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शहरालगतच्या नव्या वसाहतींत रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात, शाळेच्या बस अडकतात, कचऱ्याचा ट्रक आत येऊ शकत नाही आणि या सगळ्याला तिथल्या रहिवाशांची बेशिस्त कारणीभूत आहे, अशा आशयाची पत्रे आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यांतले वर्णन खरे आहे. मी अशाच एका वसाहतीत राहतो आणि ते रोज पाहतो. निदान मात्र अर्धवट आहे. शिस्त पाळायची तर आधी रस्ता हवा, आणि आमच्यासारख्या अनेक वसाहतींना तो मिळालेलाच नाही. इमारतीला किती मजले चढवू द्यायचे हे ठरवताना जो रस्ता हिशेबात धरला जातो, तो जागेवर आहे की केवळ नकाशावर आहे, याची खातरजमा न होताच भोगवटा प्रमाणपत्रावर, म्हणजे इमारत राहायला खुली करणाऱ्या दाखल्यावर, सही होते. बाकीच्या बहुतेक तक्रारी या एका ठिकाणाहून निघतात, म्हणून पत्र थोडे लांबले असले तरी ते छापावे, ही विनंती.

मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. साखळी ओढण्यापासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्रापर्यंत मोजणीचे बहुतेक प्रकार हाताखालून गेले, त्यामुळे रस्त्याचा वाद निघाला की माझे लक्ष आधी गट नंबर, हद्द आणि वहिवाट यांकडे जाते; वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे. निवृत्तीनंतर आम्ही पतिपत्नी मुलाकडे, पुणे महानगर प्रदेशातल्या एका झपाट्याने वाढणाऱ्या गावात राहायला आलो. गावाचे, विकसकाचे किंवा कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की प्रश्न त्या एकाचा होतो, खुलासाही त्या एकापुरता येतो आणि पलीकडच्या गावात तेच बिनबोभाट चालू राहते.

आमच्या वसाहतीत पाच इमारती आणि सुमारे आठशे सदनिका आहेत. फाटकासमोर विकास आराखड्यातला १८ मीटर रुंदीचा रस्ता आहे, ज्याला सगळे डीपी रोडच म्हणतात. रस्ता काँक्रीटचा आहे. मधोमध दुभाजक, दुभाजकात बोगनवेल, दिव्यांचे खांब, दोन्ही बाजूंना पदपथ, कशातच उणे नाही. उणे आहे ते लांबीत. वसाहतीची हद्द संपते तिथे रस्ता संपतो आणि आडवे निळे पत्रे लागतात. पत्र्यांपलीकडे कांदा असतो, कधी ज्वारी, आणि त्या शेतांच्या पलीकडे जेमतेम चारशे मीटरवर मुख्य रस्त्याने जाणाऱ्या बस आमच्या गच्चीवरून स्पष्ट दिसतात. दुसऱ्या टोकाला हा तुकडा गावच्या जुन्या पाणंदीला मिळतो. ही पाणंद कुठे चार, कुठे पाच मीटर रुंद आहे. ती दोनदा काटकोनात वळते, ओढ्यावरच्या मोरीवर एका गाडीपुरती उरते आणि गावठाणातून चांगला दीड किलोमीटरचा वळसा घेऊन त्याच मुख्य रस्त्याला लागते. आठशे घरांची सगळी ये-जा आज या पाणंदीवरून चालते. तिच्या कडेला अलीकडे आणखी दोन प्रकल्पांचे फलक लागले असून दोन्हींवर '१८ मीटर डीपी रोडलगत' असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे.

हे सगळे नियमाला धरून कसे होते, असा प्रश्न वाचकांना पडेल. राज्यासाठीची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात बांधकामाचे प्रमाण समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. मोठ्या महापालिकांच्या हद्दीत, दाट वस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, १.१० मिळतो. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामासाठीचे शुल्क, भरूनही तो वाढत नाही आणि टीडीआरही, म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्कही, चढवता येत नाही. रस्ता १५ ते २४ मीटर असेल तर तोच निर्देशांक २.५० पर्यंत जातो आणि ३० मीटरच्या पुढे ३.०० पर्यंत, निवासी इमारतींना मिळणारे ६० टक्क्यांपर्यंतचे अनुषंगिक (जिने, बाल्कनी यांसारखे) क्षेत्र आणखी वेगळे. म्हणजे नकाशावरची १८ मीटरची रेघ धरून एका भूखंडावर जेवढे बांधकाम बसते, त्याच्या निम्मेही प्रत्यक्षातली पाणंद धरली तर बसत नाही. रुंद रस्ता जास्त माणसे पेलतो म्हणून त्याच्या कडेला जास्त घरे, हा नियमामागचा विचार रास्त आहे. आमच्याकडे त्या विचारातली घरे आली आणि रस्ता मागे राहिला.

तो का राहिला, याचा सगळा दोष मधल्या शेतकऱ्यांवर टाकायची पद्धत आहे. आमच्या गृहसंस्थेच्या बैठकीतही सुरुवातीला 'दोन-तीन खातेदार अडून बसलेत' एवढेच ऐकू येत असे. त्यांपैकी एका गटाचा हिशेब मी बैठकीत फळ्यावर मांडला होता, तोच इथे देतो. जमीन दोन एकर, म्हणजे ८० गुंठे. रस्ता तिच्या मधून ८० मीटर लांबीने जातो. १८ गुणिले ८० म्हणजे १,४४० चौरस मीटर, अर्थात सव्वाचौदा गुंठे. उरलेल्या जमिनीचे दोन तुकडे पडतात. विहीर एका तुकड्यात राहते आणि दुसऱ्याला पाणी न्यायचे तर रस्त्याखालून पाइप टाकण्याची परवानगी काढावी लागते. विकसक रस्त्याखालची जमीन सोडतो तेव्हा त्याचे फारसे बिघडत नाही, कारण त्या क्षेत्राचा निर्देशांक त्याला उरलेल्या भूखंडावर वापरता येतो. ज्याला इमारत बांधायचीच नाही, कांदाच करायचा आहे, त्याच्या हाती मात्र टीडीआरचा कागद येतो, आणि तो विकायला त्याने कुणाच्या दारात उभे राहायचे? तो रोख मोबदला मागतो, यात मला काही वावगे दिसत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने वाजवी भरपाईचा हक्क त्याला दिलेलाच आहे. भरपाईला पैसा लागतो आणि तो तिजोरीत नसतो, म्हणून टीडीआर घ्या असे त्याला वर्षानुवर्षे सांगितले जाते. कात्रज-कोंढवा रस्त्याचे उदाहरण पुणेकरांना नव्याने सांगायला नको. २०१८ मध्ये हाती घेतलेल्या त्या रस्त्याची नियोजित रुंदी ८४ मीटर होती. जागा ताब्यात येईना म्हणून ती ५० मीटरवर आणली आणि त्यानंतरही भूसंपादनाचे घोडे अडतच राहिले. इतक्या वर्दळीच्या आणि अपघातांनी गाजलेल्या रस्त्याची ही गत असेल, तर आमच्या चारशे मीटरांकडे कोण बघणार?

शिवाय काळ या रस्त्यांच्या विरुद्ध चालतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मालकाच्या बाजूने ही तरतूद न्याय्यच आहे, नाहीतर त्याची जमीन पिढ्यानपिढ्या अडकून पडली असती. पण त्या आरक्षित रस्त्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या इमारती काही व्यपगत होत नाहीत.

यात भर म्हणून पुण्याभोवतीच्या गावांचे पालक गेल्या दहा वर्षांत सारखे बदलत गेले. २०१५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत गेली, आणि त्याच २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये राज्य सरकारने रद्द केला. कोणता निर्णय चूक आणि कोणता बरोबर, या वादात मी पडत नाही. रहिवाशाच्या पदरात काय पडते तेवढे सांगतो: बांधकाम परवानगीची फाइल एका कार्यालयात, घरपट्टी भरायची दुसरीकडे, रस्त्याच्या जागेचा प्रस्ताव तिसरीकडे, आणि प्रत्येक टेबलावर उरलेल्या दोघांचे नाव सांगितले जाते.

जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो आणि तहसीलदार जागेवर पाहणी करून तो देऊ शकतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. या कामासाठी मी स्वतः कितीतरी बांधांवर उभा राहून नकाशे केले आहेत. एका शेतकऱ्याच्या बैलगाडीसाठी जेवढी सोय कायद्याने शतकापूर्वीपासून करून ठेवली आहे, तेवढीही आठशे कुटुंबांच्या वसाहतीसाठी नाही, कारण वसाहतीला रस्ता असणारच असे कायद्याने गृहीत धरले आहे.

आता पाणंदीवर रोज काय घडते ते लिहितो. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात मोरीच्या दोन टोकांना आमच्या गृहसंस्थेने नेमलेले दोन माणूस उभे असतात. दोघांच्या हातात शिट्टी आणि मोबाइल. अलीकडचा फोनवर 'सोडतोय, सहा गाड्या' म्हणतो, पलीकडचा सहावी गाडी उतरली की आपली रांग सोडतो. एकेरी रेल्वेमार्गावर गाड्या सोडाव्यात तसा हा प्रकार आहे आणि त्याचा पगार आम्ही देखभाल वर्गणीतून देतो. मोरीचा एका बाजूचा कठडा डंपरच्या धक्क्याने गेला, तो पुन्हा बांधला गेला नाही. तिथे चुना फासलेले चार दगड मांडून ठेवले आहेत. शाळेच्या बस, दुधाच्या मोटारसायकली, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, पलीकडच्या बांधकामाचे सिमेंट मिक्सर, सगळे याच रांगेत असतात. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मोरीवर चढला की तो मागे घेताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर आलेल्या सगळ्यांना मागे जावे लागते. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी मोरीवरून वाहते तेव्हा शिट्टीवाले दोघेही बाजूच्या पत्र्याच्या टपरीत बसून राहतात, कारण नियंत्रण करायला वाहतूकच नसते.

या प्रकाराचा सर्वांत जास्त त्रास मूळ गावकऱ्यांना होतो, हे आमच्या वसाहतीतल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवे. ती पाणंद त्यांची होती. तिच्यावरून त्यांची जनावरे ओढ्यावर जात होती, मुले चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत जात होती. आता त्यांच्या ओट्यांना घासून गाड्या जातात. त्यांनी ठिकठिकाणी स्वतःहून गतिरोधक घातले तेव्हा आमच्यापैकी काहींनी ते बेकायदा असल्याची तक्रार केली, हे मला अजिबात रुचले नाही. गतिरोधक प्रमाणापेक्षा उंच होते हे खरे, पण ज्यांच्या दारातून रोज शेकडो गाड्या जातात त्यांच्याकडे दुसरा उपाय कोणता होता?

आगीच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे. उंच इमारतींच्या भोवती बंब फिरण्यासाठी ६ मीटर मोकळी जागा आणि वळणाला ९ मीटर त्रिज्या ठेवण्याचा दंडक आहे, आणि आमच्या आवारात तो मापाला माप पाळलेला आहे. गेल्या वर्षी सरावासाठी बंब आला तेव्हा तो मोरीअलीकडच्या काटकोनी वळणावर अडला. कोपऱ्यावरच्या घराची तुळस आणि विजेचा खांब यांच्यामधून त्याला वळता येईना. चालकाने दोनदा मागेपुढे करून पाहिले आणि शेवटी तो माघारी गेला. सराव लहान जीपवर आटोपला. आवाराच्या आत बंबाला मोकळी जागा आहे आणि आवारापर्यंत पोचायला वाट नाही, ही विसंगती त्या दिवशी सर्वांनी पाहिली. त्यावर पुढे काय कार्यवाही झाली, याचे उत्तर आम्हाला अद्याप मिळालेले नाही.

पार्किंगचा विषय इथूनच सुरू होतो. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत बस नाही, रिक्षावाले मोरीचे नाव काढताच नकार देतात, अंधारात पाणंदीने चालत जाणे बायकामुलांना सुरक्षित वाटत नाही. म्हणून एका गाडीची गरज असलेल्या घरात दुसरी येते. नियमावलीने मात्र लहान आणि मध्यम घरांसाठी दर सदनिकेमागे एक चारचाकीही धरलेली नाही. पाहुण्यांसाठी ५ टक्के जादा जागा सांगितली आहे. आमच्याकडे ती जागा नकाशावर आहे आणि प्रत्यक्षात तिथे जनरेटर बसवला आहे. मंजूर संख्येतली बरीच पार्किंग दुमजली यांत्रिक साच्यांची आहे. त्यांच्या खालच्या खणावर 'कमाल उंची १.५५ मीटर' अशी पाटी आहे. वॅगन आरसारखी साधी कौटुंबिक गाडीही १.६७५ मीटर उंच असते, मग मोठ्या गाड्यांचे काय बोलावे! कागदावर दोन गाड्यांची जागा मोजली गेली, प्रत्यक्षात एक वर चढते आणि खालचा खण सायकली, जुने पाळणे आणि रंगाचे डबे ठेवण्याच्या कामी येतो. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण विक्री करारात नमूद करणे बंधनकारक केले, ते याच अनुभवांमुळे असावे. उघडी आणि स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा विकसकाने सदनिकेप्रमाणे विकायची नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात २०१० मध्येच सांगितले होते. आमच्या वसाहतीतले करार त्या २०२४ च्या आदेशाआधीचे आहेत. बहुतेकांत 'एक पार्किंग' एवढेच लिहिलेले आहे आणि त्यावरून दर महिन्याच्या बैठकीत आवाज चढतात.

आवारात न मावणाऱ्या गाड्या जातात कुठे, तर त्या तोडक्या डीपी रोडवर. पुढे रस्ताच नसल्यामुळे तिथून कुणाला जायचे नसते, म्हणून दुभाजकाच्या दोन्ही अंगांना गाड्या लागतात. मग पाहता पाहता मिनीबस आल्या, पाणीपुरीची गाडी आली, एका टोकाला वापरलेल्या मोटारींची विक्रीही सुरू झाली. उद्या रस्ता खुला झाला तर या सगळ्यांना उठवताना आजच्या शेतकऱ्यांपेक्षा मोठा विरोध होईल, आणि तो आमच्याच वसाहतीतून होईल, असे मी आतापासूनच सांगून ठेवतो.

वाहतूक पोलिसांकडे गेलो तर रस्ता अजून हस्तांतरित झालेला नाही, त्यामुळे तिथे नो-पार्किंगची अधिसूचना काढता येत नाही, असे सांगण्यात आले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (३४) मध्ये 'सार्वजनिक जागा' याची व्याख्या आहे आणि लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे असा कोणताही रस्ता, तो वहिवाटीचा पुढे जाणारा मार्ग असो वा नसो, तिच्यात येतो. रस्ता ताब्यात आहे की नाही हा जमीनमालकीचा प्रश्न झाला. धोकादायक रीतीने उभ्या केलेल्या गाडीवर कारवाई करायला त्याची अडचण का यावी, हे मला समजलेले नाही. जाणकार वकिलांनी आपल्या स्तंभातून यावर लिहावे.

घर घेणाऱ्याला स्थावर संपदा अधिनियम, २०१६ कितपत मदत करतो? कायद्यात बाह्य विकासकामांच्या व्याख्येत रस्ते आहेत. जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्यास कलम १२ खाली भरपाई मागता येते. पण प्रकल्पाचे टप्पे आणि नागरी सुविधांचे वेळापत्रक ग्राहकाला देण्याविषयी जे कलम ११ (३) आहे, त्यात उदाहरण म्हणून पाणी, सांडपाणी आणि वीज यांचा उल्लेख आहे, रस्त्याचा नाही. विकसकाचे वकील नेमके तेवढेच वाचून दाखवतात. माहितीपुस्तिकेत पत्र्यांच्या जागी दोन्हीकडे झाडे असलेला सरळ रस्ता रंगवलेला आहे आणि खाली बारीक अक्षरांत चित्र केवळ कल्पनेसाठी असल्याचे म्हटले आहे. मुलाने सदनिका घेण्याआधी आम्ही आराखड्याचा नकाशा काढून पाहिला होता. रस्ता नकाशात होता, आजही आहे.

यावर माझी सूचना अशी आहे. बांधकामाच्या सुरुवातीला जोते तपासणीचा टप्पा असतो. जोते मंजूर नकाशाप्रमाणे आहे असे प्रमाणपत्र मिळाल्यावरच पुढचे मजले चढतात. त्याच वेळी, भूखंडापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतच्या पोहोचरस्त्याचीही संयुक्त मोजणी करावी आणि ज्या गटांची जागा ताब्यात आली असेल तेवढ्याच सलग रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बांधकाम पुढे जाऊ द्यावे. जागा आली की उरलेले मजले चढवावेत. भोगवट्याच्या वेळी रस्ता नाही म्हणून अडवणूक केली तर घरभाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरणारा ग्राहकच मरतो, आणि विकसकांच्या संघटना हा मुद्दा नेहमी मांडतात, तो खोटाही नाही. म्हणूनच तपासणी शेवटी न करता जोत्याला करावी, कारण तेव्हा जमिनीच्या वर फारसे काही आलेले नसते आणि विकसकाला मधल्या खातेदाराशी बसून बोलण्याची घाई असते. एकदा भोगवटा हातात पडला की ती घाई कुणालाच राहत नाही. रस्त्यासाठी लागणारा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच. परंतु अधिमूल्य आणि विकास शुल्क म्हणून अशा प्रकल्पांकडून जी रक्कम घेतली जाते, तिच्यातला ठरावीक भाग त्याच पोहोचरस्त्याच्या रोख भरपाईसाठी वेगळा राखून ठेवता येईल. रुंद रस्त्याच्या नावावर अधिमूल्य घ्यायचे आणि रस्त्याला पैसे नाहीत म्हणायचे, हे दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही.

जिथे इमारती उभ्या राहून गेल्या आहेत तिथे एवढा वेळ थांबता येणार नाही. आराखड्यातल्या प्रत्येक अपूर्ण रस्त्याची गटवार स्थिती, म्हणजे कोणता गट ताब्यात, कोणत्या गटाचा प्रस्ताव कुठे अडला, ही माहिती संकेतस्थळावर टाकायला जमीन लागत नाही आणि पैसाही फारसा लागत नाही. आमच्याकडचे खातेदार अंतिम मोबदला ठरेपर्यंत ६ मीटर रुंदीचा कच्चा रस्ता वार्षिक भाड्याने द्यायला तयार आहेत. पिकाची नुकसानभरपाई गृहसंस्था आणि दोन्ही नवे प्रकल्प मिळून देऊ शकतात. असा तात्पुरता करार केल्यास आपल्या अंतिम भरपाईवर गदा येईल, एवढीच त्यांची भीती आहे, आणि ती दूर करणारे लेखी आश्वासन फक्त नियोजन प्राधिकरण देऊ शकते. वसाहतीने सार्वजनिक सोयींसाठी हस्तांतरित केलेला सुविधा भूखंड गवत वाढून पडला आहे. रस्ता होईपर्यंत तिथे सशुल्क वाहनतळ केला तर डीपी रोडवरच्या गाड्या आत घेता येतील आणि चार पैसेही मिळतील. मोरीचा कठडा आणि काटकोनातला विजेचा खांब यांसाठी तर कोणत्याच धोरणाची वाट पाहायला नको.

मधल्या खातेदारांपैकी दोघांनी स्वतः शुल्क भरून हद्द कायम मोजणीचा अर्ज केला असून पुढील महिन्याची तारीख मिळाली आहे. संबंधित कार्यालयाच्या रस्ते अभियंत्यांना आम्ही लेखी कळवले आहे. ते आराखड्याची अधिकृत आखणी घेऊन आले तर त्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांच्या खुणा शेतात रोवता येतील आणि नेमके किती गुंठे कुणाचे जातात याचा वाद मिटेल. न आल्यास फक्त शेताच्या हद्दी कायम होतील आणि रस्त्यासाठी पुन्हा नव्याने अर्ज करावा लागेल. आपल्या दैनिकाचा प्रतिनिधी त्या दिवशी उपस्थित राहू शकला तर बरे होईल. तारीख, गट नंबर आणि नकाशाची प्रत या पत्रासोबत स्वतंत्र लिफाफ्यात, प्रसिद्धीसाठी नव्हे तर आपल्या माहितीसाठी, पाठवत आहे. येताना दुचाकीवर यावे. चारचाकी मोरीअलीकडे लावावी लागेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त भूकरमापक, जिल्हा पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)